पात्यातलं भरीत

मयुरी भारंबेने कागदावर तिसरा आकडा लिहिला तेव्हा सोमवारी सकाळचे नऊ चाळीस झाले होते आणि तिला स्वतःचा अभिमान वाटत होता. हा अभिमान पन्नास मिनिटं टिकला.

जळगावच्या एमआयडीसीत कौतिक नाना झोपे यांचा फायबरचा कारखाना आहे. पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, लग्नाच्या हॉलबाहेर उभे करायचे हत्ती, आणि एकदा एका पुढाऱ्याच्या वाढदिवसासाठी बारा फुटी केळीचा घड, इतका मोठा पल्ला या कारखान्याने गाठलेला. काचेचं कापड आणि रेझिन यांच्यापासून माणूस सोडून सगळं बनवता येतं, असं नाना म्हणत. माणूसही बनवला असता, पण तो पगार मागेल.

दोन वर्षांपूर्वी मयुरी पुण्याची नोकरी सोडून इथे आली ती एक वेगळाच धंदा घेऊन. केसाएवढा बारीक काचेचा दोरा. त्याच्या पोटात ठरावीक अंतरावर खुणा केलेल्या असतात. दोऱ्यातून प्रकाश सोडला की प्रत्येक खूण आपल्या वाटणीचा एकच रंग परत पाठवते. दोरा किंचित ताणला गेला किंवा तापला, की त्या रंगात सूक्ष्म फरक पडतो. हा दोरा फायबरच्या थरांमध्येच घालून ठेवला, की वरून धडधाकट दिसणाऱ्या वस्तूच्या आत कुठे थर सुटलेत ते बाहेर बसून कळतं. नानांना तिने हे तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा नाना म्हणाले, “म्हणजे नाडी बघणारा वैद्य, पण पडून राहणारा.” त्यांना समजलं होतं.

पण समजणं वेगळं आणि पोसणं वेगळं. दोन वर्षांत दोऱ्याने एकही ऑर्डर आणली नव्हती. दोऱ्यातला प्रकाश वाचणाऱ्या यंत्राला कामगार ‘डबा’ म्हणत, आणि तो डबा कारखान्यातल्या सगळ्या टाक्यांपेक्षा महाग होता. दिवाळीत नानांनी शांतपणे सांगून टाकलं होतं की आता एकच संधी. धुळ्याकडच्या पवनचक्क्यांच्या कंपनीची परीक्षा पास झाली तर दोरा राहील. नाही झाली तर डबा विकायचा आणि मयुरीने टाक्यांची कोटेशन करायची. एक हजार लिटर, दोन हजार लिटर, तीन थर, चार थर.

परीक्षा अशी. साक्रीच्या पठारावर त्या कंपनीच्या पवनचक्क्या. पातीही फायबरचीच: काचेच्या कापडाचे थर, मध्ये फोम. वादळात, विजेत, किंवा नुसत्या वयाने आतले थर सुटतात, आणि ते शोधायला माणूस दोराला लटकून वर जातो. कंपनीने एका पात्याचं नऊ मीटरचं अर्धं कवच जळगावला पाठवलं. आतून खोलगट, दोन्ही टोकांना निमुळतं. कामगारांनी बघताक्षणी त्याचं नाव ‘होडी’ ठेवलं. मयुरीने त्याला आतून दोरे घातले, वर कापडाचा आणखी एक थर चढवला आणि धडधाकट होडीची नोंद करून घेतली. मग शुक्रवारी धुळ्याहून जीवराम भामरे आले.

भामरे हे कंपनीचे तपासनीस. वय छप्पन्न, त्यातली वीस वर्षं दोराला लटकण्यात गेलेली. मयुरीला शेडबाहेर काढून, डबा बंद करायला लावून त्यांनी आणि त्यांच्या दोन माणसांनी होडीला गुपचूप मार दिला. कुठे दिला ते कागदावर लिहून पाकीट लाखेने बंद केलं. शेडच्या पुढच्या शटरला कागदी पट्टी चिकटवून सही केली. सोमवारी मयुरीने जागा ओळखायच्या. एक हुकली तर नापास. एक जास्त सांगितली तरी नापास, कारण नसलेल्या जखमेसाठी पवनचक्की बंद ठेवून क्रेन मागवणं हे खऱ्या जखमेइतकंच महाग पडतं.

ती मंडळी गेल्यावर मयुरीने ऑफिसातून डबा पुन्हा चालू केला. दिवसरात्रीच्या गारठ्याने नोंदी किती हलतात ते बघायला. मग ती दोन दिवस चोपड्याला मावशीकडे गेली. शनिवारी चंपाषष्ठी होती.

सोमवारी सकाळी आकडे तिच्यासमोर होते. जाड टोकापासून दोन मीटर दहावर एक जखम. सहा मीटर चाळीसवर दुसरी. आणि चार मीटर तीसच्या आसपास तिसरी, या दोघींपेक्षा मोठी, जवळजवळ परातीएवढी. भामऱ्यांचा डाव तिने मनातल्या मनात ओळखला: दोन लहान आणि मध्ये एक पसरट, फसवायला. तिने तिन्ही लिहिल्या, सही केली, कागद दिला.

भामऱ्यांनी पाकीट फोडलं. वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

पहिल्या दोन जागा वीतभराच्या आत बरोबर होत्या, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. वीस वर्षांत त्यांनी इतकं अचूक काही पाहिलं नव्हतं. पण मार त्यांनी दोनच ठिकाणी दिला होता. तिसरी जागा त्यांच्या कागदावर नव्हती.

नानांनी लगेच तह करायला घेतला. दोरा नवीन आहे, थंडीत जरा इकडेतिकडे होतो, असं ते म्हणाले. मयुरीला त्या वाक्यात टाकीच्या झाकणाचा आवाज ऐकू आला.

“दोरा इकडेतिकडे होत नाही, नाना,” ती म्हणाली. “साहेब, तुम्ही ठोकून बघा.”

भामऱ्यांच्या वरच्या खिशात जुना, जाड एक रुपया असे. त्यांची प्रयोगशाळा तीच. फायबरवर नाणं टकटकत न्यायचं. आवाज कणखर आला तर आतलं ठीक, भदभद आला तर थर सुटलेला. त्यांनी होडीच्या काठावरून आत वाकून नाणं चालवायला सुरुवात केली. टक, टक, टक, टक. चार मीटरच्या पुढे टकटक एकदम मंदावली. पिकलेल्या पपईवर टिचकी मारावी तसा आवाज. भामरे थांबले. नाक किंचित वर करून त्यांनी एक श्वास घेतला आणि नाणं आणखी हातभर फिरवून जखमेची कड शोधली. ऑफिसात स्वच्छ मराठी बोलणारा हा माणूस अंगातलं काम करताना अहिराणीवर येत असे.

“आठे बी शे,” ते म्हणाले.

इथेही आहे. मयुरीचा जीव भांड्यात पडला आणि भांडं लगेच कलंडलं. कारण भामरे सरळ उभे राहिले ते तपासनीस होऊन. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जखम खरी. आम्ही केली नाही. शुक्रवारी नव्हती, कारण मारण्याआधी मी सगळी होडी ठोकून पाहिली होती. म्हणजे सील लावल्यावर कोणीतरी आत आलं. शटरवरची पट्टी तर शाबूत आहे. तेव्हा एक तर इथल्या सीलला अर्थ नाही, किंवा कोणीतरी आपला दोरा हुशार दिसावा म्हणून स्वतःच एक जादा जखम करून ठेवली. यातलं दुसरं वाक्य त्यांनी मयुरीकडे न बघता उच्चारलं, हा त्यांचा सभ्यपणा.

नाना म्हणाले, आमच्या कारखान्यात असलं होत नाही. पहारेकरी रुपचंद दारात उभा होता, तो एकदम होडीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते बघायला निघून गेला.

मयुरीने लॅपटॉप उघडला. जखम कधी झाली ते डब्यात असणारच होतं. शुक्रवारची रात्र: काही नाही. शनिवारची पहाट: गारठ्याने होडी एक केसभर आकसलेली. सकाळी दहा बावन्न: मधल्या दोन मीटरवर थंडावा, पाण्याने धुतल्यासारखा. अकरा नऊ: त्याच जागी ऊब. पंचवीस अंशांवरून बघता बघता एक्कावन्न. अकरा अठरा: ठोके.

तिने आलेख मोठा केला. ठोके दोन जागी पडत होते, आळीपाळीने. डावीकडचे जोरकस, मिनिटाला बत्तीस, घड्याळ लावून मारल्यासारखे. उजवीकडचे हलके, आणि दर चार-पाच मिनिटांनी गायब. अकरा त्रेपन्नला सगळं शांत. त्यानंतर पुन्हा गार पाणी.

गरम, मऊ, भरपूर, चंपाषष्ठीच्या दिवशी, दोघांनी मिळून ठेचायचं. जळगाव जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला याच्यापुढे पुरावा लागत नाही. चातुर्मासभर वांगं बंद. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की वांगं मोकळं होतं, आणि इतके दिवस थांबलेली माणसं मग हिशेब चुकता करतात. नानांच्या कारखान्यात त्या दिवशी दरवर्षी सगळ्यांना जेवण. असोद्याची हिरवी-पांढरी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, आणि ठेचायला सुमनबाईंची माहेरची बडगी: लाकडाचं लांबट कोरलेलं भांडं, असोद्याहून लग्नात त्यांच्याबरोबर आलेलं. सुमनबाई म्हणजे नानांची बायको. कारखान्याच्या त्या अक्का. नाना कामगारांना घाबरत नसत, बँकेला घाबरत नसत. तिसरं कोणाला घाबरत असत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मयुरीचं बोट लॅपटॉपच्या कडेवर थांबलं. झाकण लावलं तर दोरा गेला, आणि वर तिच्यावर लबाडीचा ठपका. बोललं तर परक्या कंपनीच्या मालात मालकिणीने स्वयंपाक केला हे परक्या कंपनीच्या माणसासमोर बाहेर येणार. आणि तो माणूस शनिवारी पाहुणा होता. नानांनी त्याला आग्रहाने धुळ्याहून परत बोलावलं होतं, समोरच्या ऑफिसात पाटावर बसवलं होतं, आणि त्याने चार वेळा भरीत मागून घेतलं होतं. वर भरिताचा एक डबा भरून घरी नेला होता.

तो डबाच नेमका अक्कांना शेडमध्ये घेऊन आला. भामऱ्यांनी तो परत आणला होता. रिकामा परत करायचा नसतो म्हणून त्यांच्या बायकोने उडदाचे पापड घालून दिले होते. अक्का पापड मोजून खूश होत आत शिरल्या, मागे चहाची किटली घेऊन स्वयंपाकाची ताईबाई. सगळे गप्प का, असं अक्कांनी विचारलं.

“अक्का,” मयुरी म्हणाली, “शनिवारी भरीत कुठे ठेचलं?”

नानांनी डोळे मिटले.

“कुठे म्हंजे?” अक्का म्हणाल्या. “ह्यातच.” आणि त्यांनी होडीच्या काठावर, भाजीवालीने भोपळ्यावर मारावी तशी थाप मारली.

त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. त्यांनी सविस्तर सांगितलं. बडगी भाच्याने असोद्याला केळीच्या व्यापाऱ्यांच्या पार्टीसाठी नेली आणि आणली नाही. इकडे चाळीस किलो वांगी भाजून, सोलून तयार. गार झालेलं वांगं ठेचलं जात नाही, त्याचा चिकट गोळा होतो. शेडमध्ये एवढी गुळगुळीत होडी रिकामी पडलेली. दोनदा धुतली, केळीची पानं तीन पदरी अंथरली. आपल्याच टाक्यांतलं पाणी सगळं गाव पितं, मग आपल्याच फायबरमध्ये भरीत का नको? पट्टी त्यांनी फोडली नव्हती. पट्टी पुढच्या शटरला होती. नळ मागच्या दाराजवळ आहे म्हणून त्या मागून आल्या होत्या. रुपचंदने दार उघडून दिलं, आणि मागच्या दाराबद्दल त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

हे शेवटचं वाक्य होडीच्या पलीकडच्या टोकाहून रुपचंदनेही दुजोरा देऊन म्हटलं.

नाना माफी मागायला भामऱ्यांकडे वळले. तेवढ्यात अक्कांची नजर लॅपटॉपवर गेली.

“हे काय, भूकंप झाला का कुठे?”

मयुरीने सांगितलं की हे शनिवारचे ठोके आहेत. ही डावी बाजू, ही उजवी. अक्का पुढे झाल्या. पापडांचा डबा त्यांनी होडीत ठेवला आणि पदराने चष्मा पुसला. डावीकडच्या ठोक्यांवर बोट ठेवून त्या वाचत गेल्या. आलेख वाचायला त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. पस्तीस मिनिटांचं ते काम त्यांच्या खांद्यात अजून होतं.

“ही मी व्हय,” त्या म्हणाल्या. “अन् ही ताईबाई. हे मधी मधी काहीच नाही, ते काय?”

“त्या वेळी त्या बाजूने ठोके पडले नाहीत.”

“किती वेळ?”

“एकूण नऊ मिनिटं.”

अक्का हळूच मागे वळल्या. ताईबाईने किटली खाली ठेवली.

“मी तव्हाच म्हंत होते,” अक्का म्हणाल्या. “इकडची मिरची बारीक अन् तिकडची अख्खी. मला म्हंते, नाही हो अक्का, सारखीच मारते मी.”

ताईबाईचं म्हणणं असं पडलं की नऊ मिनिटं ती बसलेली नव्हती, लसूण सोलत होती, कारण लसूण सोलायला ज्या दोघी यायच्या त्या आल्या नव्हत्या, आणि त्या का आल्या नव्हत्या ते अक्कांनी स्वतःला विचारावं. यावर अक्कांनी गेल्या वर्षीच्या कळण्याच्या पुऱ्यांचा विषय काढला. ताईबाईने त्याच्याही मागच्या वर्षीचा. नानांनी मध्ये पडायचा प्रयत्न केला, तो दोघींनी एकमताने हाणून पाडला.

या गदारोळात भामरे लॅपटॉपसमोर बसले. मयुरीला त्यांनी खालच्या आवाजात प्रश्न विचारले आणि ती उत्तरं देत गेली. एकूण ठोके किती? एक हजार आठशे बावीस. तापमान? एक्कावन्न. जखम नक्की कधी सुरू झाली? तिने दाखवलं: अकरा एकतीसपर्यंत प्रत्येक ठोक्यानंतर होडी पूर्ववत होत होती. अकरा बत्तीसला ती पहिल्यांदा पूर्ववत झाली नाही. उष्णतेने रेझिन नरमलं, आणि खाली टेकू नसलेल्या जागी अक्कांच्या बाजूचा थर फोमपासून सुटला. त्यानंतरचा प्रत्येक ठोका ती जखम केसभर वाढवत गेला.

भामऱ्यांनी खिशातून रुपया काढला, तळहातावर बघितला आणि परत ठेवला.

“माझं नाणं जखम आहे एवढं सांगतं,” ते म्हणाले. “हे तर कोणी केली, कधी केली आणि कोण बसून होतं तेही सांगतं.” मग मयुरीकडे वळून, “लसणाचा वास मला मघाशीच आला होता, ताई. म्हटलं, बघू तुम्ही बोलता का.”

अहवाल त्यांनी तिथेच लिहायला घेतला. घातलेल्या जखमा दोन, ओळखलेल्या दोन. त्याखेरीज चाचणीच्या काळात नव्याने झालेली एक, जी कोणी सांगितल्याशिवाय ओळखली, वेळेसकट. निकाल: उत्तीर्ण. मग ‘तिसऱ्या जखमेचं कारण’ हा रकाना आला आणि नाना पुढे सरकले. त्यांनी भामऱ्यांना विनवलं की काहीही लिहा, वाहतुकीत लागलं म्हणा, पण भरीत नको. कंपनीचं मुख्य ऑफिस कुठे, आपण कुठे. मयुरी म्हणाली की वाहतूक लिहिलं तर डब्यातली नोंद खोटी ठरेल. नानांनी तिच्याकडे असं पाहिलं की टाक्यांची कोटेशन पुन्हा एकदा जवळ आली.

भामऱ्यांनी बराच विचार केला. चार वेळा मागून घेतलेला माणूस होता तो, त्याला दोन्ही बाजू दिसत होत्या. शेवटी त्यांनी लिहिलं: ‘उष्ण पदार्थ व लाकडी मुसळ, दोन व्यक्ती, एक हजार आठशे बावीस आघात. हेतू वाईट नव्हता.’

तीन आठवड्यांनी ऑर्डर आली. आधी सहा पाती. सोबतच्या अटींमध्ये एकविसावी अट अशी होती की चाचणीच्या काळात शेडची सगळी दारं, मागचं धरून, सीलबंद राहतील. ही अट बाकी कुठल्या कारखान्याच्या करारात नसल्याचं भामऱ्यांनी फोनवर सांगितलं.

भाच्याने बडगी परत आणली ती चिरलेली. नानांनी असोद्याच्या सुताराकडून नवीन करून घेतली, आणि अक्कांनी मयुरीला बोलावून सांगितलं की हिच्या बुडाला तो दोरा लावून दे. कशाला, असं मयुरीने विचारलं. अक्का म्हणाल्या की ताईबाईला कळू दे. मयुरीने लावून दिला. दोन टोकांना दोन खुणा, बाहेरून न दिसणाऱ्या. बुडाला दोरा असलेली बडगी दुसऱ्या कोणाकडे असल्याचं ऐकिवात नाही.

पुढच्या चंपाषष्ठीला साठ माणसांचं जेवण होतं. साक्रीच्या पठारावर मयुरीचे दोरे घातलेली अठरा पाती फिरत होती आणि भामरे धुळ्याहून बायकोला घेऊन आले होते. ठेचणं अकरा दहाला सुरू झालं, अकरा पन्नासला संपलं. जेवणं आटोपल्यावर मयुरीने ऑफिसात बसून नोंद उघडली.

ताईबाईची बाजू चाळीस मिनिटं सलग. एकही खंड नाही, शेवटी शेवटी तर जोर वाढलेला. डावीकडे, अक्कांच्या बाजूला, अकरा एकवीसला ठोके मंदावले होते. अकरा चोवीस ते अकरा तीस तिथे काहीच नव्हतं. मग पाच-सहा हलके ठोके. मग पुन्हा काही नाही. मयुरीने सगळं मिळून बेरीज केली. चौदा मिनिटं. अक्कांना या वर्षी एकसष्ट पूर्ण झाली होती.

दार ढकलून अक्का आत आल्या, पदराने हात पुसत. त्यांनी उजवा खांदा डाव्या हाताने धरला होता.

“काय म्हंतो तुहा दोरा?” त्यांनी विचारलं. “बसली का ती यंदाही?”

मयुरीने लॅपटॉपचं झाकण लावलं.

“डबा चालू करायचा राहिला, अक्का,” ती म्हणाली.

अक्का तिच्याकडे क्षणभर बघत राहिल्या. मग त्यांनी टेबलावर तिच्यासाठी आणलेली भरिताची वाटी ठेवली, मिरची बारीक झालीय का ते बघ म्हणाल्या, आणि गेल्या.